ऑलिव्हची बाटली आणि फोडणीचं तेल: खरं कसं ओळखायचं, कुठे काय वापरायचं

खवट खोबरं ओळखायला ते तोंडात टाकावं लागत नाही. आई वाटीच्या काठाचा तुकडा नखाने मोडायची, नाकाशी न्यायची आणि काही न बोलता बाजूला ठेवायची. वर्षाचे शेंगदाणे भरताना, जवस निवडताना, दिवाळीनंतर उरलेला चिवडा डब्यातून काढताना तिचं हेच चालायचं. हे बघत मी मोठी झाले, आणि तरीही जवळजवळ दोन वर्षं काकडीच्या कोशिंबिरीवर खवट ऑलिव्ह ऑइल घालत राहिले. भेट म्हणून आलेली मोठी, पारदर्शक काचेची बाटली होती. गॅसशेजारच्या फळीवर उभी असायची. तो वास मला परदेशी तेलाचा वाटायचा. पुढे एकदा त्याच हंगामातलं ताजं तेल चाखायला मिळालं आणि घशात ठसका बसला. घरी येऊन जुन्या बाटलीचं झाकण उघडलं, तर आतून आईने बाजूला ठेवलेल्या त्या खोबऱ्याचाच वास आला.

तेव्हापासून तेल घेताना मी देश, किंमत आणि बाटलीवरचं चित्र नंतर बघते. आधी ताजेपणा बघते, आणि मग ते तेल ज्या कामाचं आहे त्याच कामाला लावते. खाली सांगितलेलं सगळं याच क्रमाने आहे.

पहिली गोष्ट: नावांचा अर्थ

शेंगदाणा, करडई, तीळ यांचं तेल बियांतून निघतं. ऑलिव्हचं तेल मुख्यतः फळाच्या गरातून निघतं. फळं तोडल्यावर लवकरात लवकर गिरणीत न्यावी लागतात. तिथे ती धुऊन बीसकट वाटतात, लगदा सावकाश घुसळतात आणि फिरत्या यंत्रातून तेल आणि पाणी वेगळं करतात. लिटरभर तेलाला साधारण पाच किलो फळं लागतात. म्हणजे चांगलं ऑलिव्ह तेल हा एक प्रकारे फळाचा रसच आहे, आणि रस म्हटला की तो शिळा होणार.

नुसता रस, म्हणजे उष्णता किंवा रसायन वापरून शुद्ध न केलेलं तेल, ‘व्हर्जिन’ म्हणवतं. त्यातलं सर्वांत वरचं ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’. माद्रिदमधल्या आंतरराष्ट्रीय ऑलिव्ह परिषदेच्या मानकाप्रमाणे त्यात मुक्त आम्ल ०.८ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, साध्या व्हर्जिनला २ टक्क्यांपर्यंत सूट असते. हे आम्ल जिभेला कळत नाही. बाटलीवर ०.३ लिहिलंय म्हणून तेल कमी आंबट आहे असा अर्थ काढू नका. फळं किती निगुतीने तोडली, किती लवकर गिरणीत गेली, याचा तो आकडा आहे. आकड्यांबरोबर आणखी एक अट असते, आणि मला ती फार आवडते. आठ ते बारा प्रशिक्षित माणसं ते तेल प्रत्यक्ष चाखतात. त्यांना एकही दोष सापडता कामा नये आणि फळाचा वास मात्र आला पाहिजे. इतक्या यंत्रांच्या काळातही माणसाच्या नाकाला कायद्याने मान दिलाय.

यानंतरची नावं नीट लक्षात ठेवा, कारण आपल्याकडे फसगत इथेच होते. नुसतं ‘ऑलिव्ह ऑइल’, किंवा ‘प्युअर’, ‘क्लासिक’, ‘लाइट’, ‘एक्स्ट्रा लाइट’ असं लिहिलेलं तेल म्हणजे रिफाइंड ऑलिव्ह तेलात चवीपुरतं व्हर्जिन मिसळलेलं. ‘लाइट’चा अर्थ रंगाला आणि चवीला हलकं. उष्मांक कमी असा त्याचा अर्थ होत नाही. कुठलंही तेल असो, एका ग्रॅममागे नऊ कॅलरी ठरलेल्या.

‘पोमेस’ म्हणजे चोथा. रस काढून झाल्यावर उरलेल्या चोथ्यातून हेक्झेनसारख्या द्रावकाने तेल काढतात, ते रिफाइन करतात आणि थोडं व्हर्जिन घालून विकतात. ही भेसळ नव्हे. हा कायदेशीर, खाण्यायोग्य माल आहे. पण ज्या गुणांसाठी आपण ऑलिव्हचं नाव काढतो त्यातले बरेचसे गुण त्या प्रवासात निघून जातात. ‘भारतीय स्वयंपाकासाठी खास’ म्हणून जे ऑलिव्ह तेल खपवलं जातं ते बहुतेक वेळा हेच असतं. त्यापेक्षा तेवढ्या पैशात उत्तम शेंगदाणा तेल घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

आणि शेवटी ‘ब्लेंडेड’. पुढच्या बाजूला ऑलिव्हची फांदी आणि मागे बारीक अक्षरात सोयाबीन किंवा सूर्यफूल ८० टक्के. आपल्या कायद्यानुसार मिश्र खाद्यतेलावर कोणतं तेल किती टक्के आहे ते छापावंच लागतं. बाटली उलटी करून वाचा.

दुसरी गोष्ट: दुकानात, बाटली हातात घेऊन

रोममध्ये मोंते तेस्ताच्चो नावाची एक टेकडी आहे, साधारण ३५ मीटर उंच. ती पूर्णपणे फुटक्या मातीच्या भांड्यांची आहे. ऑलिव्ह तेलाचे रांजण रिकामे झाले की तिथे फोडून टाकत. बहुतेक रांजण आजच्या दक्षिण स्पेनमधून यायचे, आणि त्या खापरांवर शाईने लिहिलेलं आजही वाचता येतं: रांजणाचं वजन, आतल्या तेलाचं वजन, व्यापाऱ्याचं नाव, कुठून निघालं, कुठल्या साली, कुणी तपासलं. अठराशे वर्षांपूर्वीच्या गिऱ्हाइकाला एवढी माहिती मिळत होती. आपणही तेवढीच मागायची.

सर्वांत आधी तारीख. काही बाटल्यांवर फळं तोडल्याचा हंगाम किंवा महिना दिलेला असतो, ‘हार्वेस्ट’ या शब्दाशेजारी. तो असेल तर ती बाटली बाकीच्यांच्या पुढे. भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत फळं साधारण ऑक्टोबर ते जानेवारीत तोडतात. म्हणून उन्हाळ्याच्या सुरुवातीला घेतलेल्या बाटलीवर नुकत्याच सरलेल्या हंगामाचं साल असेल तर उत्तम. हंगाम दिलेला नसेल तर पॅकिंगची तारीख बघा, पण ती बाटलीत भरल्याची तारीख आहे हे विसरू नका. तेल त्याआधी टाकीत किती महिने पडून होतं ते तिच्यावरून कळत नाही. ‘अमुक तारखेआधी वापरा’ ही तारीख सहसा भरल्यापासून दीड-दोन वर्षांची असते. तिला चार-पाच महिनेच उरले असतील तर बाटली परत ठेवा, सवलत कितीही मोठी असो. एकावर एक फुकट मिळणारं ऑलिव्ह तेल बहुधा याच कारणाने फुकट असतं.

मग बाटलीचा रंग. गडद हिरवी किंवा तपकिरी काच, नाहीतर पत्र्याचा डबा. उजेड तेलाचा मोठा शत्रू आहे. मॉलच्या फळीवर ट्यूबलाइटखाली सहा महिने उभ्या असलेल्या पांढऱ्या काचेच्या बाटलीत चांगलं भरलेलं तेलही चांगलं राहत नाही. हात लांब करून मागच्या रांगेतली बाटली काढा.

मग देश. ‘पॅक्ड इन इटली’ म्हणजे इटलीत भरलं, इटलीत पिकलं असं नव्हे. तिथे भरलेल्या तेलात स्पेन, ग्रीस, ट्युनिशियाचं तेल असू शकतं, आणि त्यात गैर काही नाही. स्पेन तर जगातला सर्वांत मोठा उत्पादक. मागच्या लेबलावर मूळ देश स्पष्ट लिहिलेला असावा, एवढंच बघायचं. युरोपात विशिष्ट भागाच्या तेलाला डीओपी किंवा पीडीओची मोहोर मिळते, आपल्याकडच्या भौगोलिक मानांकनासारखी. फळाच्या जातीचं नाव दिलं असेल, उदाहरणार्थ पिकुआल, आर्बेकिना, कोरोनेइकी, कोरातिना, तर उत्पादकाला आपला माल माहीत आहे असं समजायला हरकत नाही. पिकुआल आणि कोरातिना कडसर, झणझणीत, आर्बेकिना मऊ. आपल्या घरातल्या ज्येष्ठांना पहिल्यांदा द्यायचं तर आर्बेकिनापासून सुरुवात करावी.

‘फर्स्ट कोल्ड प्रेस्ड’ या शब्दांना फार भुलू नका. आज बहुतेक गिरण्यांत दाबयंत्र नसतंच. युरोपीय नियमात ‘कोल्ड एक्स्ट्रॅक्शन’ म्हणजे २७ अंश सेल्सिअसच्या खाली काढलेलं. ‘कोलेस्टेरॉल फ्री’चंही तसंच: कुठल्याच वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतं.

शेवटी एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी परवाना क्रमांक आणि आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता. क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर किंवा ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ ॲपवर टाकून बघता येतो. औषधाच्या दुकानात बाळाच्या मालिशीसाठी छोट्या बाटलीत मिळणारं ऑलिव्ह तेल स्वयंपाकात वापरायचं नाही. ते सौंदर्यप्रसाधन म्हणून विकलं जातं, खाद्यतेलाच्या परवान्यावर नव्हे.

बाटली लहान घ्या. चौघांच्या घरात कच्चं वापरायला २५० मिली पुष्कळ होतं, फार तर अर्धा लिटर. पाच लिटरचा डबा स्वस्त पडतो, पण संपेपर्यंत तो खवटतो.

परदेशात राहणाऱ्यांचं थोडं वेगळं. कॅलिफोर्नियात असाल तर तिथल्याच गिरणीचं, हंगाम छापलेलं तेल सहज मिळतं. ऑस्ट्रेलियाचा हंगाम उलटा, साधारण एप्रिल ते जूनचा. त्यामुळे तिथलं नवं तेल भूमध्य समुद्राकडचं जुनं होत असताना येतं. ज्या अर्ध्या वर्षात जे ताजं, ते घ्यावं.

तिसरी गोष्ट: घरी चाखून बघणं

बाटली उघडली की त्याच दिवशी हे करा. पाच मिनिटं लागतात.

छोट्या काचेच्या पेल्यात चमचाभर तेल घ्या. स्टीलची वाटीही चालेल, पण ती घासणीच्या साबणाच्या वासाची नको. तळहाताने पेल्याचं तोंड झाका, दुसऱ्या हातात पेला धरून मिनिटभर ऊब द्या. परीक्षक तेल साधारण २८ अंशांवर चाखतात आणि त्यांचा पेला निळ्या काचेचा असतो, कारण रंग बघून मत बनू नये. रंगावर काही ठरत नाही. हिरवं म्हणजे चांगलं, हा गैरसमज भेसळ करणाऱ्यांना फार उपयोगी पडतो.

आता हात काढा आणि लगेच वास घ्या. ताज्या तेलाला कापलेल्या गवताचा, कच्च्या टोमॅटोच्या देठाचा, कधी हिरव्या बदामाचा, कधी कच्च्या केळीच्या सालीचा वास येतो. मग घोटभर तोंडात घ्या, दात मिटून ओठांच्या फटीतून हवा आत ओढा, गरम चहा भुरकतो तशी. तेल जिभेवर पसरू द्या आणि गिळा. जिभेच्या मागे कडसरपणा, आणि दोन-तीन सेकंदांनी घशात मिरीसारखा चटका. खोकला आला तर घाबरू नका, ही चांगली खूण आहे. हा चटका ओलिओकँथाल या द्रव्याचा. २००५ मध्ये शास्त्रज्ञ गॅरी बोशाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात दाखवून दिलं की हे द्रव्य आयबुप्रोफेन या वेदनाशामकासारखं काम करतं. ते औषध द्रवरूपात घेतलं तर घशाला जशी आग होते, तशीच या तेलाने होते, हेच त्यांना सुचलेलं सूत्र होतं.

दोष ओळखायला आपल्याकडचे शब्द पुरेसे आहेत. खवट: जुनं खोबरं, जुने दाणे, जुना चिवडा. आंबूस: फळं पोत्यात रचून ठेवल्यावर आतल्या आत आंबली की हा वास येतो, बिघडलेल्या लोणच्याचा. कोंदट: पावसाळ्यात बंद राहिलेल्या कपाटाचा, बुरशीचा. आणि व्हिनेगरचा. यातला एकही आला तर ते तेल एक्स्ट्रा व्हर्जिन नाही, बाटलीवर काहीही छापलेलं असो. काहीच वास नाही, चव नाही, चटका नाही, तर ते बहुतेक रिफाइंड आहे.

एक सोपा सराव सांगते. एका वाटीत हे तेल, दुसरीत नेहमीचं रिफाइंड सूर्यफूल, तिसरीत घाण्याचं शेंगदाणा तेल घ्या. डोळे मिटून घरच्या माणसाला एकेक वाटी नाकाशी धरायला सांगा. दोनदा-तीनदा केलं की नाक तयार होतं.

फ्रिजची आणि वातीची चाचणी सोडून द्या

फ्रिजमध्ये गोठलं तर शुद्ध, वात धूर न करता जळली तर शुद्ध, असं मोबाइलवर सारखं फिरत असतं. कुठलंही तेल जळतं. आणि गोठणं फळाच्या जातीवर, तेलातल्या मेणावर अवलंबून असतं. अस्सल तेल पातळ राहू शकतं, मिश्रण गोठू शकतं. या चाचण्यांनी खोटा धीर मिळतो.

भेसळ खरोखर शोधायची तर प्रयोगशाळाच लागते. तिथे तेलातली स्टेरॉल नावाची, वनस्पतीत मुळातच असणारी द्रव्यं मोजतात, कारण प्रत्येक वनस्पतीच्या स्टेरॉलचं प्रमाण तिचं स्वतःचं असतं. ब्रासिकास्टेरॉल वाढलेलं दिसलं की मोहरीच्या कुळातलं तेल मिसळलंय हे कळतं. रिफाइनिंग करताना तयार होणारे स्टिग्मास्टाडाइन सापडले की व्हर्जिनमध्ये रिफाइंड घातल्याचं उघड होतं. २०१९ मध्ये युरोपोल या युरोपीय पोलीस संस्थेच्या मदतीने इटली आणि जर्मनीच्या यंत्रणांनी सुमारे १,५०,००० लिटर बनावट तेल पकडलं. ते हलक्या प्रतीचं तेल क्लोरोफिल आणि बीटा-कॅरोटिन घालून हिरवं-पिवळं केलेलं होतं. २०१० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्राने दुकानांतून घेतलेल्या आयात ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ नमुन्यांपैकी ६९ टक्के नमुने चाखण्याच्या परीक्षेत नापास झाले. नमुने थोडे होते, आणि नापास म्हणजे सगळे भेसळीचे असंही नाही. बऱ्याच नमुन्यांत खवटपणा किंवा आंबूसपणा होता. माझ्या मते आपल्यासारख्या ग्राहकाला भेसळीपेक्षा शिळेपणाच जास्त वेळा भेटतो.

पण भेसळ जीवघेणीही असते, हे विसरता येत नाही. १९८१ मध्ये स्पेनमध्ये फेरीवाल्यांनी लेबल नसलेल्या पाच लिटरच्या प्लास्टिक कॅनमधून ऑलिव्हच्या नावाखाली विकलेलं तेल हे कारखान्यांसाठी ॲनिलिन मिसळलेलं रेपसीड तेल होतं. सुमारे २०,००० लोक आजारी पडले, तीनशेहून अधिक दगावले. आपल्याकडे १९९८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळल्याने जलोदराची साथ आली आणि साठहून अधिक माणसं गेली. सुटं खाद्यतेल विकायला आपल्याकडे बंदी आहे, तिच्यामागे असा इतिहास आहे. कुणी ओळखीचा म्हणून बिनलेबलाच्या कॅनमधून तेल देत असेल, तर नको म्हणा.

संशय असेल तर अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार ग्राहकालाही शुल्क भरून नमुना तपासून घेता येतो. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे, किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर. बिल जपून ठेवा.

चौथी गोष्ट: फोडणीला मग काय?

एक्स्ट्रा व्हर्जिन तापवलं की विष होतं, ही अफवा आहे. स्पेन आणि ग्रीसमध्ये त्यातच बटाटे तळतात. त्याचा धुराचा बिंदू, म्हणजे तेल धुरू लागतं ते तापमान, साधारण १९० ते २१० अंश, तळण १७० ते १८० अंशांवर होतं. प्रश्न पैशाचा आणि चवीचा आहे. मोहरी, हिंग, हळद पडली की तो गवताचा वास आणि घशातला चटका कुठल्या कुठे जातो. ज्यासाठी जास्त पैसे मोजले तेच कढईत उडून जातं.

हे तेल आपल्या घरात कच्चं शोभतं. कच्चं तेल आपल्याला नवीन नाहीच. ठेच्यावर, कारळ्याच्या चटणीवर, भाकरीच्या पापुद्र्यात, मुगाच्या खिचडीवर आपण कच्चं तेल घालतोच. तिथे शेंगदाण्याचं, करडईचं, जवसाचं तेल आपापल्या जागी उत्तम आहे. ऑलिव्ह घालायचं तर कोशिंबिरीवर, उकडलेल्या चवळीवर, वांग्याच्या भरतावर, टोमॅटोच्या सारावर वाढताना. गरम पदार्थावर वरून धार सोडली की वास फुलतो.

तेल निवडताना फक्त धुराच्या बिंदूकडे बघू नका. तेल तापल्यावर किती टिकतं हे त्यातल्या स्निग्धाम्लांवर ठरतं. साध्या सूर्यफुलात लवकर बिघडणारं लिनोलिक आम्ल साधारण ६० टक्के, करडईत ७५ टक्क्यांच्या आसपास. ही तेलं कच्ची किंवा हलक्या परतण्याला छान, पण पुन्हा पुन्हा तापवली की लवकर बिघडतात. शेंगदाणा तेलात जास्त टिकणारं ओलिइक आम्ल निम्म्याच्या जवळपास असतं, म्हणजे ते या बाबतीत ऑलिव्हच्या बरंच जवळ जातं. म्हणूनच रोजची फोडणी आणि तळण या दोन्हींना मी शेंगदाणा ठेवते. राइस ब्रानही तळणाला चांगलं. तिळाच्या तेलात स्वतःचं रक्षण करणारी द्रव्यं असतात, ते टिकतं, आणि लोणच्याला वेगळीच लज्जत आणतं. खोबरेल जवळजवळ ९० टक्के संपृक्त असतं, पटकन बिघडत नाही. कोकणात, गोव्यात माशाच्या आमटीला त्याच्याशिवाय चव नाही, पण घरभर सगळ्यालाच ते नको.

एकाच तेलावर अडून राहू नका. दोन तेलं ठेवा आणि महिन्याआड बदला, किंवा फोडणीला एक आणि वरून घालायला दुसरं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि पद्धतीतल्या चुका दुरुस्त करून २०१८ मध्ये पुन्हा छापलेल्या स्पेनच्या प्रेडिमेड अभ्यासात एक्स्ट्रा व्हर्जिन खाणाऱ्यांमध्ये हृदयविकार, पक्षाघाताचं प्रमाण सुमारे ३० टक्के कमी आढळलं. पण ती माणसं त्याबरोबर कडधान्यं, भाज्या, मासे, फळं खात होती. वडापावबरोबर ऑलिव्ह तेलाचा चमचा घेऊन तो गुण येणार नाही.

घाण्याचं तेल घेताना

लाकडी घाणे आता शहरात गल्लोगल्ली दिसतात. तिथे एक हिशेब करून बघा. लिटरभर शेंगदाणा तेलाला साधारण सव्वादोन ते अडीच किलो दाणे लागतात. समजा दाणे १४० रुपये किलो, तर नुसत्या दाण्यांचेच ३१५ ते ३५० रुपये झाले. पेंड विकून साठेक रुपये परत आले, तरी अडीचशेच्या खाली ‘शुद्ध घाण्याचं’ तेल बसत नाही. कुणी त्याहून स्वस्त देत असेल तर बाकीचं काय मिसळलंय ते विचारा. त्या दिवशीचा बाजारभाव घालून हा हिशेब कधीही करता येतो.

दाणे स्वतः बघा. बुरशी लागलेल्या, काळपट, सुरकुतलेल्या दाण्यांत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असू शकतं. रिफाइन करताना ते निघून जातं, घाण्याच्या तेलात मात्र राहू शकतं. म्हणून घाण्याच्या तेलाची शुद्धता दाण्याच्या पोत्यापासून सुरू होते. मूठभर दाणे हातात घ्या, दोन खा. एक जरी कडू लागला तर दुसरीकडे जा.

तूप आणि वनस्पती

साजूक तूप थोडं, पण खरं असावं. घरी लोणी कढवताना चरचर थांबली, फेस बसला, बेरी तांबूस झाली आणि घरभर वास सुटला की गॅस बंद. पाण्याचा अंश राहिला तर तूप लवकर बिघडतं, बेरी जळली तर कडवट होतं. मोहनाला, वरणभाताला, पुरणपोळीला तेच हवं. त्याचा धुराचा बिंदू २५० अंशांच्या आसपास, म्हणून तुपाची फोडणीही सुरक्षित.

पूर्वी तुपात वनस्पती, म्हणजे डालडासारखं घट्ट केलेलं तेल, मिसळली जाई. ती ओळखता यावी म्हणून वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचं तेल घालायची सक्ती कायद्याने केली होती, कारण तिळाचं तेल विशिष्ट रसायनांशी गुलाबी रंग देतं. त्या चाचणीला तीव्र आम्ल लागतं, घरी तिच्या वाटेला जाऊ नका. वनस्पतीतली खरी अडचण ट्रान्स फॅटची, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या, हृदयाला घातक चरबीची. १ जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्के झाली आहे, ही मोठीच सुधारणा. तरीही बेकरीच्या खारी-नानकटाईचं लेबल मी वाचते.

तळणीचं तेल, आणि किती

तळून उरलेलं तेल गार झाल्यावर फडक्यातून गाळा, वेगळ्या भांड्यात ठेवा, ताज्या तेलात ओतू नका. दोन-चार दिवसांत परतायला वापरून संपवा. कडेला चिकट थर, गडद रंग, बारीक न मोडणारा फेस, मंद आचेवरही धूर: यांतलं काही दिसलं की टाका. हॉटेलांसाठी नियमच आहे, २०१८ पासून पोलर संयुगं, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापल्यावर तयार होणारी द्रव्यं, २५ टक्क्यांपुढे गेलेलं तेल वापरता येत नाही. टाकताना मोरीत ओतू नका, नळ तुंबतो. जुन्या पिशवीत बंद करून कचऱ्यात द्या.

आणि प्रमाण. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल जात असेल, तर माणशी रोज सुमारे ३८ ग्रॅम, म्हणजे आठ चहाचे चमचे आणि ३४० कॅलरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेत कामानुसार २० ते ५० ग्रॅम सांगितले होते, आणि बैठं काम करणाऱ्यांनी खालच्या टोकाशीच राहायला हवं. त्यात तूप-लोणीही आलं. पिशवी घेताना वजन वाचा. हल्ली ८०० ग्रॅमचीही पिशवी लिटरसारखी दिसते. लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. हृदयविकार किंवा मधुमेह असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

साठवण

ऑलिव्हची बाटली गॅसपासून लांब, बंद कपाटात, खालच्या कप्प्यात. उघडल्याची तारीख कागदी पट्टीवर लिहून बाटलीला चिकटवा आणि दोन-तीन महिन्यांत संपवा. जवसाचं तेल फ्रिजमध्येच ठेवा, ते सर्वांत आधी खवटतं. तेलाच्या किटलीत जुन्यावर नवं ओतू नका. तळाशी राहिलेला चमचाभर खवट तेलाचा अंश नव्याला बिघडवतो. किटली धुऊन, उन्हात पूर्ण वाळवून मग भरा.

इतकं करूनही एखादी बाटली खवटली तर ती खाऊ नका. ऑलिव्ह तेलातल्या सर्वांत हलक्या, न खाण्याजोग्या प्रतीला इटलीत आणि स्पेनमध्ये ‘लाम्पांते’ म्हणतात, म्हणजे दिव्याचं तेल. माझी ती पारदर्शक बाटली त्या दिवाळीत पणत्यांत संपली. पाचही दिवस तुळशीपाशी छान जळत होती.